कप्तानांच्या गालावरचा वळ

सासरे बसचालक; बसडेपोत सगळे त्यांना कप्तान म्हणत. गाडी ते इतकी अलगद थांबवत की उभ्या प्रवाशाचाही तोल जायचा नाही. अशा माणसाला पक्षाघाताने आडवं केलं. डावं अंग गेलं. जीभ शाबूत राहिली, पण बोलावंसंच वाटेना.

मुलगा जहाजावर नोकरीला. मुलगी दुसऱ्या शहरात. "वहिनी, बाबांना जरा उन्हात बसवत जा," असं ती फोनवरून सांगायची. उन्हात बसवायला आधी उचलावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

सून घरीच शिवणकाम करायची. एक कान मशिनीकडे, एक आतल्या खोलीकडे. पुसणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं, सगळं अंगवळणी पडलं. जड जायचं ते त्यांचं न खाणं. चमचा ओठांशी नेला की कप्तान तोंड मिटून भिंतीकडे बघत.

"बाबा, एक घास. माझ्यासाठी."

"कशाला?" एवढंच ते म्हणत.

तिला तो हट्ट वाटायचा.

एका दुपारी, नुकतीच चादर बदलून ती मऊ भात भरवायला बसली. कप्तानांनी चांगल्या हाताने वाटी भिरकावली. भात चादरभर झाला आणि तिचा हात उठला. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पत्र्याचं अंगुस्तान काढायचं राहिलं होतं. त्यांच्या गालावर सोलवटलेला वळ उठला. मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी, पडून राहून झालेली पाठीची जखम बांधायला नेहमीची नर्स आली. "हे कशाने लागलं, आजोबा?"

"पडलो."

ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही तो पडणार कुठून? नर्सने मान वर केली.

"मी मारलं," सून म्हणाली. "मला सांभाळून घेताहेत ते."

नर्सने पट्टी पुरी केली, हात धुतले आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. "घराबाहेर शेवटचं कधी पडला होतात?"

सुनेला आठवेना.

"पुन्हा हात उठता कामा नये. पण हा हट्ट नाही. त्यांना जगणंच नकोसं झालंय. हाही आजारच, त्याला औषध असतं. आणि तुमचंही काही बरं दिसत नाही मला."

डॉक्टर आले, औषध सुरू झालं. दुपारपुरती एक बाई ठेवली. तुम्हीही येत जा म्हटल्यावर नणंद आधी चिडली, मग रडली, मग अधूनमधून येऊन राहू लागली. कप्तान चार घास खाऊ लागले. हसले मात्र नाहीत.

"बाबा, माझं चुकलं," सून एकदा म्हणाली.

"गप गं. तुझ्या जागी मी असतो तर पळून गेलो असतो."

एका दुपारी ती दोरे आणायला गेली असताना ते गेले. दुपारच्या बाईचा फोन आला तेव्हा आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्यानेच हादरून ती दोरे दुकानातच टाकून घरी निघाली.

"तू खूप केलंस त्यांचं," नवरा जहाजावरून म्हणाला.

बाबांना मारल्याचं तिने त्याला सांगितलं.