हिसका ओळखणारा

कारखान्यात त्याला सगळे ‘काटा’ म्हणत. वजनकाट्यावरचा काटा.

अठरा वर्षं तो नव्या ऑटोमॅटिक गाड्या चालवून बघत होता. अशा गाडीत गिअर केव्हा बदलायचा ते आतला कॉम्प्युटर ठरवतो. पण बदलताना गाडी किती हिसका देते, हे शेवटी माणसानंच सांगायचं. काटा पेडलवरच्या तळपायानं ते ओळखायचा. खाली उतरून म्हणायचा, “दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ढकलतेय. केसभर उशिरा बदला.” इंजिनिअर मोजून बघत, तर ते खरंच निघे. “शाळेत डोकं चाललं नाही माझं,” तो हसायचा, “सगळी अक्कल पायात उतरली.”

बावन्नाव्या वर्षी एका सकाळी बायको ओरडली, “अहो, रक्त कसलं?” दारापासून फाटकापर्यंत लाल ठसे उमटले होते. तळपायात काच घुसली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. डॉक्टर सुई टोचत विचारत राहिले, “इथे? आणि इथे?” रक्तातल्या साखरेनं पायाच्या नसा खाल्ल्या होत्या. गेलं ते परत येणार नव्हतं.

“ऑफिसात सांगून टाका,” बायको म्हणाली.

“काय सांगू? काटा मोडला म्हणून?”

मग तो डोळ्यांनी भागवू लागला. समोरच्या, फेरे दाखवणाऱ्या घड्याळात इंजिनाचे फेरे सुरळीत उतरले की गाडीला दहापैकी चांगले गुण. सात महिने निभावलं.

आठव्या महिन्यात एक इंजिनिअर पोरगी गाडीतून उतरून सरळ त्याच्याकडे आली. काम तिला त्यानंच शिकवलं होतं. “काका, चौथ्यावर जाताना पायाखाली थरथर आहे. तुम्ही नऊ गुण दिलेत.”

“बारीक असेल.”

“बारीक? मुंगीसुद्धा दचकेल, काका.”

त्यानं खाली बसून बूट काढला, मोजा काढला. पाय तिच्यापुढे केला. ती काचेच्या त्या न भरलेल्या, काळवंडलेल्या जखमेकडे वाकली.

“कधीपासून?”

त्यानं तारीख सांगितली. तेव्हापासून त्याच्या गुणांवर पास झालेल्या गाड्या विकल्याही गेल्या होत्या. अहवाल तिलाच लिहावा लागला. लिहिताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

त्याला गाड्यांच्या किल्ल्या द्यायच्या खोलीत बसवलं. गाडी चालवणं बंद.

महिन्याभरानं ती वही घेऊन आली. “काका, नव्या लोकांना शिकवायचंय. गिअर अगदी छान बदलला की पायाला कसं वाटायचं?”

“म्हणजे बघ...” त्यानं सुरुवात केली. थांबला. “पाय असा... नाही, तसं नाही.” डोळे मिटून त्यानं जमिनीवर पाऊल दाबलं. खाली काहीच नव्हतं. आणि पूर्वी काय असायचं, तेही आता आठवेना.

जेवणाची घंटा होईपर्यंत ती थांबली. मग कोरी वही मिटून म्हणाली, “राहू दे, काका. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंही वाट पाहिली नाही. हल्ली बोटांनाही मुंग्या येत होत्या; चाचपून किल्ली ओळखू येईना, द्यायची तर प्रत्येकीला बांधलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचावी लागत होती.