वर्लीनचा गुडघा

अमेरिकेत टेनेसीतल्या त्या डोंगराळ गावात चर्चचं स्वयंपाकघर म्हणजे वर्लीन स्टोव्हॉल. मयताचं जेवण असो की ईस्टरचं, तिच्या केळ्याच्या पुडिंगशिवाय पान हलत नसे. तोंडाने फटकळ, मनाने भाबडी. येशू आणि गावाचा ठरलेला पक्ष तिने लहानपणापासून एकाच खुंटीला टांगलेले पाहिले होते. निवडणूक आली की चर्चचे पाद्री ब्रदर डॅरिल कुणाचंही नाव न घेता मत कुणाला द्यायचं ते सांगत, आणि सगळ्यांना बरोबर कळे.

तिची जिवाभावाची मैत्रीण विल्डा केट्स, हार्लनची बायको. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची. मतदान झाल्यावर एकदा गाडीत ती हळूच म्हणाली, "अगं, या खेपेला मी तिकडच्यांना मत दिलं. सरकारी मदत बंद झाली तर हार्लनच्या डायलिसिसचं कसं व्हायचं, तूच सांग. पण कुठे बोलू नकोस हं."

"छे गं, मी कशाला बोलतेय!" वर्लीन म्हणाली.

पण तिच्या जिवाला घोर लागला. विल्डा देवाला दुरावली, असंच तिला वाटलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत ब्रदरांनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची? हात वर करून नुसतं 'मनातली आहे' म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे, तशी तिथे पद्धतच होती. वर्लीनला मात्र राहवलं नाही. ती उभी राहिली, डोळे पुसत म्हणाली, "आपल्या एका बहिणीची वाट चुकलीय. नाव घेत नाही. नवऱ्याच्या डायलिसिसपायी तिने मत भलतीकडे दिलंय."

डायलिसिसवरचा नवरा अख्ख्या चर्चमध्ये एकच होता.

पुढच्या रविवारी ब्रदर विल्डाला गोड आवाजात म्हणाले, "सिस्टर, थोडे दिवस विश्रांती घ्या." मुलांचा वर्ग दुसऱ्या बाईकडे गेला आणि विल्डा चर्चला यायची बंद झाली.

वर्लीन पुडिंग घेऊन तिच्या दारात गेली. शरमेने मान वर होत नव्हती.

"मी तुझ्यासाठी प्रार्थनाच केली गं."

"मग देवापाशी करायचीस. चारचौघांत कशाला?" विल्डाने पुडिंगला हातही लावला नाही. "माझी वर्गातली पोरं गेली, वर्लीन. आता बुधवारी तशीच उभी राहा आणि सांग, मी मैत्रिणीची चहाडी केली म्हणून."

"सांगते. नक्की सांगते."

बुधवारी ती खरंच उभी राहिली. सगळ्यांनी मायेने तिच्याकडे पाहिलं. हीच माणसं उद्या आपल्याकडे कशी बघतील, असं तिच्या मनात आलं.

"माझा गुडघा," ती म्हणाली. "फार दुखतोय."

ब्रदर उठले, बायका उठल्या, सगळ्यांनी तिच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. वर्लीनला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, तरी ती शेवटी सगळ्यांबरोबर आमेन म्हणाली.

कुणासाठी प्रार्थना करायची तो निरोप नेहमीसारखा चर्चच्या यादीप्रमाणे फोनवरून घरोघर गेला. त्या यादीतून विल्डाचं नाव काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सकाळी तिचा फोन आला.

"गुडघ्याचं कळलं. मीही प्रार्थना केली, घरातच. आता कसा आहे?"

"बरा आहे," वर्लीन कशीबशी म्हणाली. तिचा गुडघा कधी दुखलाच नव्हता, आणि हे विल्डाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.