वास काढायला दिलेली गाडी

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता मी माझी गाडी नाशिकमधल्या एका डिटेलिंगच्या दुकानात आतल्या सफाईसाठी दिली. रविवारी संध्याकाळी पाच वाजता ती परत मिळाली. पुढच्या शनिवारी माझी मुलगी त्या गाडीत बसून जव्हारला यावी, एवढ्यासाठी हे केले होते. ती बसेलच असे तिने सांगितले नव्हते.

गाडी छोटी, पांढरी, नऊ वर्षे वापरलेली. मी जव्हारला एकटा राहतो आणि जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांच्या बातम्या एका दैनिकाला देतो. त्याआधी नाशिकला डेस्कवर होतो. मुलगी आईबरोबर नाशिकलाच राहते. आम्ही वेगळे झालो तेव्हा ती शाळेत होती, आता नोकरी करते. जव्हारला ती एकदाच आली होती, दीड वर्षापूर्वी, पावसात, याच गाडीतून. त्र्यंबक सोडल्यावर घाटात तिला दोनदा उलटी झाली. रात्रभर राहिली आणि सकाळच्या एसटीने परत गेली. डेपोत एसटी लागलेली असताना म्हणाली, "बाबा, राग मानू नका, पण तुमच्या गाडीत मी परत नाही बसणार. आत काहीतरी मेल्यासारखा वास येतो."

त्यानंतर आम्ही नाशिकलाच भेटत होतो, कॉलेज रोडच्या एका हॉटेलात, चहाला. तिला परत कामावर जायचे असायचे.

डिसेंबरात तिचा फोन आला. एक शनिवार-रविवार मोकळा आहे, येऊ का, असे विचारत होती.

"न्यायला येतो," मी म्हणालो.

"तीच गाडी आहे का?"

"तीच आहे. साफ करून घेतोय."

मग म्हणाली, "बघू. नाहीतर राहूच दे मग, इकडेच भेटू."

वास कुठून आला ते मला माहीत होते. जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून खोडाळा हा माझा नेहमीचा रस्ता. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे रस्त्याच्या कडेला उभी माणसे येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवतात. मी थांबतो. पैसे घेत नाही. पण फुकट बसून उतरायचे नाही, अशी इकडची रीत आहे. उतरताना माणूस काहीतरी सीटवर ठेवून जातो आणि ठेवले असे सांगत नाही. ओंजळभर नागली, वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात मोहाची फुले, पानात बांधलेला सुका जवळा. घरी पोचल्यावर मला ते सापडते. इकडच्याच वांगणीच्या एका माणसाने आजारी शेळी मांडीवर घेऊन जव्हारच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत आणली होती. एका पावसाळ्यात कोणीतरी फडक्यात बांधून खेकडे ठेवले. गाठ सुटली. चार सापडले. किती होते ते माहीत नव्हते.

या माणसांशी गाडीत बोलणे होते. आठवड्यातले माझे बरेचसे बोलणे तेच असते. बाकी फोनवर मजकूर सांगणे.

सफाईसाठी तीन ठिकाणी चौकशी केली. तिन्ही ठिकाणी तेच प्रश्न विचारले. सीट काढणार का, चटईखालचा भाग उघडणार का, ओले झालेले किती वेळात सुकेल.

पहिले ठिकाण जव्हारमधलेच, जिथे जीपा धुतात. पंपाच्या जोरदार पाण्याने चिखल उडवतात आणि खालून डिझेलचा फवारा मारतात. काम वाईट नाही. मालक म्हणाला, "आतून काय धुवायचं सर? आत तर बसायचंच असतं. फरशीवर पाइप मारतो, दोन दिवस दारं उघडी टाका. वर एक सेंट लटकवा, विषय संपला." मी त्याला फरशीवर पाइप मारू दिला नाही. चटईखालचा जाड थर एकदा भिजला की आठवडाभर सुकत नाही, आणि दीड वर्षापूर्वीच्या पावसात बहुधा तेच झाले होते.

दुसरा नाशिकचा, घरी येऊन गाडी साफ करून देणारा. फोनवर त्याने सोने, चांदी, हिरा अशी पॅकेजची नावे सांगितली आणि आधीच्या कामांचे फोटो पाठवले. फोटोंत गाड्या बाहेरून चमकत होत्या. आतला फोटो एकही नव्हता. सीट काढणार का, या प्रश्नावर तो म्हणाला, "गरज नाही सर, आमचा फोम आत जातो." आत गेलेला फोम बाहेर कसा येतो, हे त्याने सांगितले नाही.

तिसऱ्याचे दुकान नाशिकच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. मालक पन्नाशीचा, कमी बोलणारा. दर विचारला तर म्हणाला, आधी गाडी दाखवा. संक्रांतीच्या आधी कामासाठी नाशिकला जाणे झाले तेव्हा दाखवली. त्याने काचा वर केल्या, एसी बंद ठेवला, दारे लावून घेतली आणि आत एकटाच बसून राहिला. पाच मिनिटे. मी बाहेर उभा होतो. आत तो डोळे मिटून बसला होता. मग पुढच्या सीटवरून उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.

बाहेर येऊन म्हणाला, "चटईखाली पाणी मुरलंय. सुकी मासळी आहे, जुनी. शेळी नेली होती का?"

"नेली होती."

"आणि उजव्या बाजूला काहीतरी मेलेलं आहे. लहान आहे. उंदीर नाही. उंदराचा वेगळा असतो."

"खेकडा असू शकेल."

"मग खेकडाच," तो म्हणाला. तो हसला नाही. सीट चारही काढाव्या लागतील, मशीनने पाणी खेचून काढावे लागेल, एसीचा फिल्टर बदलावा लागेल आणि एक रात्र गाडी उघडी ठेवावी लागेल, असे त्याने सांगितले. सेंट वापरणार नाही म्हणाला. "वासावर वास टाकला की दोन वास होतात." बाहेरून कोटिंग हवे का, असे विचारले. मी नको म्हणालो. पॉलिश मात्र करायला सांगितले.

काम त्यालाच द्यायचे ठरवले.

मधल्या दोन आठवड्यांत गाडीत जो बसला त्याला मी हे सांगितले. मुलगी येणार आहे, तिला वास सोसत नाही, गाडी नाशिकला धुवायला देणार आहे. इतक्या जणांना सांगितले हे तेव्हा लक्षात आले नव्हते. खोडाळ्याच्या आठवडी बाजारात सुकी मासळी विकणारी एक म्हातारी आहे. टोपली मांडीवर घेऊन ती मागे बसते आणि मला पेपरवाल्या म्हणते. तिने सगळे ऐकून घेतले.

"गाडीला अंघोळ घालाया नाशकाला जातो?" ती म्हणाली. "हितं नदी नाय का?"

"आतून धुवायची आहे, आजी."

"आतून." तिने शेजारी बसलेल्या बाईकडे पाहिले. "आतून धुत्यात म्हणं. आन पोर किती दिस राहणार तुझी?"

"एक रात्र."

"एका रातीसाठी एवढं. शिकून येडा झाला ह्यो."

शेजारची बाई हसली. म्हातारी नेहमीप्रमाणे मोखाड्याला उतरली. त्या दिवशी सीटवर जवळ्याची पुडी नव्हती, दोन लिंबे होती.

रविवारी गाडी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने मला आत बसवले, दारे लावली आणि पाच मिनिटे बाहेर उभा राहिला. वास नव्हता. फिनेलचाही नव्हता. मूळ राखाडी रंगाच्या सीट मला तपकिरी म्हणून माहीत होत्या. त्याने एक प्लास्टिकची पिशवी दिली. सीटखाली आणि चटईखाली जे सापडले ते त्याने फेकले नव्हते. खेकड्याचे कवच, मोहाची काळी पडलेली फुले, पैंजणाचे एक घुंगरू, कोयत्याच्या मुठीचा तुकडा, केसांना लावायचा निळा चाप. चटईखाली ओलाव्यात नागली उगवली होती, असे त्याने सांगितले. पांढरी, बोटभर लांब रोपे. तीही पिशवीत होती.

पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता मी मुलीच्या इमारतीखाली गाडी उभी केली. ती बॅग घेऊन आली, दार उघडले आणि लगेच बसली नाही. वाकून आत पाहिले. मग बसली. काच दोन बोटे खाली घेतली.

शहर संपेपर्यंत तिच्या कामाबद्दल बोललो. रुमालासाठी तिने समोरचा कप्पा उघडला. दुकानदाराने दिलेली पिशवी मी तिथेच ठेवली होती. तिने ती उजेडात धरली.

"हा चाप माझा आहे का?"

"असेल. मागच्या वेळचा."

तिने तो बाहेर काढून पाहिला. नंतर पिशवीत परत टाकला आणि कप्पा लावला.

त्र्यंबक सोडल्यावर तिने काच वर केली. घाटात ती झोपली होती. वळणे मी सावकाश घेतली. मागून एका जीपने दोनदा हॉर्न दिला.

मोखाड्याला खोडाळ्याचा रस्ता फुटतो तिथे म्हातारी टोपली खाली ठेवून जव्हारकडच्या जीपची वाट पाहत उभी होती. गाडी दिसली तरी तिने हात दाखवला नाही. मी थांबवली. मुलगी जागी झाली.

"चला आजी, जव्हारला," मी म्हणालो.

म्हातारी जवळ आली, पण दाराला हात लावला नाही. वाकून मुलीकडे पाहिले. "हीच का?"

"हीच."

"बसा ना आजी," मुलगी म्हणाली. "मागे जागा आहे."

"नाय बाय. माझ्याकडं मासळी हाय. तुला उलटी व्हायची."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं. दोन बाजार हेच सांगत व्हता. जो बसंल त्याला." तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली. "जा रं पेपरवाल्या. जीप येतीया."

आम्ही निघालो. जव्हारच्या अलीकडे तिने विचारले, "सगळ्यांना सांगितलंत?"

"गाडीत बोलायला दुसरं काही नव्हतं," मी म्हणालो.

ती एक रात्र राहिली. संध्याकाळी आम्ही सनसेट पॉइंटला गेलो, परत येऊन पिठले-भात केला. भात तिने लावला. रविवारी सकाळी मी नाशिकला सोडायला येतो म्हणालो. "तीन तास जायचं आणि तीन तास यायचं, कशाला?" ती म्हणाली. "एसटी आहे ना." डेपोपर्यंत गाडीने गेलो. उतरताना म्हणाली, "आता वास नाहीये, बाबा." दुपारी दीड वाजता तिचा मेसेज आला. पोचले.

बाजाराच्या दिवशी मी खोडाळ्याला निघालो. मोखाड्याच्या पुढे, एरवी जिथे तीन-चार जण असतातच, तिथे पाच जण उभे होते. गाडी जवळ आली तसे ते मागे सरकले. कोणी हात दाखवला नाही. पुढच्या वळणावर एक बाई होती. तिने मान दुसरीकडे फिरवली. मला वाटले, पॉलिशमुळे गाडी ओळखू येत नसावी.

त्यापुढच्या पाड्याशी एक ओळखीचा माणूस दिसला. दर हिवाळ्यात तो द्राक्षबागेच्या कामाला निफाडकडे जातो, या वर्षी पाय मोडल्याने गेला नव्हता. काठी टेकून उभा होता. मी गाडी थांबवून काच खाली केली.

"बस की. पाय दुखत असेल."

"नको." त्याने आधी आपल्या पायांकडे आणि मग गाडीतल्या चटईकडे पाहिले. "पोर येऊन गेली का तुझी?"

"गेली."

"उलटी?"

"नाही झाली."

"बरं झालं." त्याने मागे पाहिले. लांब जीप दिसत होती. "परत कवा येणार?"

"सांगितलं नाही तिने."

"मंग राहू दे. म्हातारी बोलली सगळ्यांना बाजारात. पोर परत येऊन जाईतवर तुझ्या गाडीत कोणी बसायचं नाय. आमी बसलो का परत तेच. आमचं काय, जीप हाय."

"मी पुन्हा धुवून घेईन. तू बस."

"किती वेळा धुशील?" तो म्हणाला. "जा, पुढं हो. जीपला वाट दे."

मी गाडी पुढे घेतली. जीप मागून आली, थांबली. आरशात तो चढताना दिसला. दोघांनी त्याला हात देऊन वर घेतले.

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला. गाडीत अजून वास नाही, असे सांगितले. पुन्हा कधी जमेल, असे विचारले. मार्चअखेर कामाची गर्दी असते, नंतर बघते, असे ती म्हणाली.

मार्च संपला. मी बाजाराच्या दर दिवशी खोडाळ्याला जातो. मागच्या सीटवर कोणी बसलेले नाही. मुलगी परत कधी येणार, हे अद्याप कळलेले नाही.