सफरचंदाची वाइन आणि ताईची किडनी

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या फळवाल्याला सगळे 'वैद्य' म्हणत. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती. न खपलेली, मऊ पडलेली सफरचंदं तो दुकानामागे बरण्यांत साखर घालून आंबवायचा. तयार झालेली वाइन जेवणाआधी दोन ग्लास आणि जेवणानंतर एक, अशी पंधरा वर्षं 'घेत' आला होता. पिणं हा शब्द त्याला चालत नसे. "किडनी धुऊन निघते," असं तो तराजू हातात धरून गिऱ्हाइकांना सांगायचा. दारूच्या दुकानात शिरणाऱ्यांची त्याला कीव यायची.

मग त्याच्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. किडनी देण्याजोगा रक्तगट घरात याचा एकट्याचाच. छाती फुगवून तो तपासणीला गेला. फॉर्मवर प्रश्न होता, दारू पिता का? त्याने ठसठशीत अक्षरांत 'कधीच नाही' असं लिहिलं. आपण खोटं लिहितोय असं त्याला क्षणभरही वाटलं नाही.

रिपोर्ट आला. यकृताला सूज, वर चरबी.

"किती पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थेंब नाही, मॅडम. सफरचंदाची वाइन घेतो. फळच ते. किडनी धुऊन निघते."

"हे तुमच्या यकृताला कोणी कळवलेलं दिसत नाही. आणि किडनीबिडनी काही धुतली जात नाही. लघवी जास्त होते, एवढंच." त्यांनी कागद मिटला. "सहा महिने पूर्ण बंद. यकृत सुधारलं तर पुढचं बघू."

"ताई, तू निर्धास्त राहा," असं तो बहिणीला सांगून आला. बरण्या मात्र फेकल्या नाहीत. वाइन आंबट तर झाली नाही ना, हे दर आठवड्याला चाखून बघणं त्याला भाग होतं. आधी चमच्याने. मग चमच्याने नीट कळेना.

"चाखायला ग्लास लागतो होय?" बायकोने विचारलं.

"अगं, बिघडली तर सगळी वाया जाईल."

सहा महिन्यांनी यकृत आणखी बिघडलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी दात्यांच्या यादीतून त्याचं नाव कायमचं खोडलं.

तो सफरचंदांची पिशवी घेऊन डायलिसिसच्या खोलीत गेला. "त्यांचं मशीनच बिघडलं असेल, ताई."

बहिणीच्या हातात नळ्या होत्या. तिने मान वळवून पिशवीकडे पाहिलं.

"सफरचंद मला चालतं," ती म्हणाली. "तू नाही चालत."

पिशवीच्या तळाशी दोन-तीन मऊ पडली होती. तेवढी त्याने परत नेली.