वरचा एकच काप

आरोंद्याच्या खाडीकाठी नाझमीनला सगळे 'आमची डॉक्टरीण' म्हणतात. ती डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी एका स्कॅन सेंटरमध्ये ती कॉम्प्युटरवर बसते, एमआरआयच्या फायली सांभाळते, लांबच्या डॉक्टरांना पाठवते. पण गावाला एवढा फरक कशाला हवा? आणि खरं सांगायचं तर नाझमीनलाही तो फारसा नको होता.

शेजारच्या दाजींचं डोकं सारखं ठणकायला लागलं, तेव्हा तिनेच हट्टाने त्यांचा एमआरआय करवला. संध्याकाळी त्यांची मुलगी रसिका आणि स्वतः दाजी अंगणात हजर.

"रिपोर्ट येवक दोन दिवस जातले," रसिका म्हणाली. "तू बघ गो, तुका कळता."

बघून सांगणं हे तिचं काम नव्हतं. तरी तिने फाईल मोबाईलवर उघडली. नव्या मशीनची फाईल म्हणजे पाकिटातला कापलेला पाव, एकाच फायलीत मेंदूचे सगळे काप. मोबाईलने दाखवला फक्त वरचा, पहिला. सेंटरवर हे तिला तोंडपाठ असायचं. पण अंगणात, सगळे तोंडाकडे बघत असताना, शहाणपण मिरवायची घाई झाली.

"काय नाय. साफ आसा."

दुसऱ्या दिवशी दाजींनी तिच्याकडे ताजी सुंगटं, खाडीतली कोळंबी, पाठवली. सेंटरवरून रिपोर्ट न्यायला फोन आला, तर म्हणाले, "आमच्या नाझमीनान बघल्यान. आणखी काय वाचूचा?" रिपोर्ट पाकिटात बंद सेंटरवरच पडून राहिला.

महिनाभराने होडी वल्हवताना दाजींच्या हातातून वल्हं गळून पडलं. रसिकाने कामावर फोन करून सांगितलं, तशी नाझमीनने कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेली. मध्यावर एक पांढरा डाग उगवला, मोठा होत गेला, मग पुन्हा लहान झाला. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण ती सुंगटं बोटं चाटून खाल्ली, एवढंच तिला राहून राहून आठवत होतं.

त्याच संध्याकाळी तिने दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी वल्हं सुटलेल्या हाताची मूठ मिटून पाहिली.

गोव्याच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं, पण ऑपरेशनला बोलावलं. जायच्या दिवशी गाडीपाशी शेजारपाजार जमला. आधी साफ होतं ना, असं कुणीतरी विचारलंच.

"मशीन बिघाडलली," दाजी नाझमीनकडे हात करून म्हणाले. "चेडवाचो काय दोष?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजींनी तिची अब्रू झाकली होती आणि तेच तिला सोसवेना.

"मशीन बरी होती, दाजी. मियाच फाईल पुरी उघडूक नाय."

रसिकाने तोंड फिरवलं. दाजी गाडीत थोडे सरकून बसले.

"मगे भायर कित्याक उभी? बस गाडयेत. थंय डॉक्टराक सगळे फोटो कोण दाखयतला?"

ती बसली. खाडीवरचा पूल मागे पडला तरी तिला दाजींकडे बघायचं धाडस झालं नाही.