आठ घरांची एक तार

अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आमच्या गल्लीत १९५३ साली आठ घरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. घंटा सगळ्यांकडे वाजायची. दोन लांब वाजल्या की फोन हेलन ह्रुस्काचा. तिने उचलला की मागोमाग टक, टक. शेजारणींचे कान लागले म्हणायचे. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये असा नियम होता. तो कुणी पाळल्याचं मला आठवत नाही.

हेलनमावशी लाँड्रीत इस्त्री करायची. शाळेसमोरच्या चौकातून टायर कारखान्याचे ट्रक बेफाम जायचे. एकाने आमच्याच तारेवरच्या गॅरिटीबाईच्या मुलीचा पाय मोडला. मावशीची धाकटी सप्टेंबरात त्याच शाळेत जाणार होती. मावशी सिग्नल मागायला नगरपालिकेत गेली, तर तिथला साहेब म्हणाला, "अजून कुणी मेलेलं नाही."

मी युनियनचा माणूस. माझं डोकंच फिरलं. सभा बोलावली, चारशे पत्रकं वाटली. आल्या तिघी, त्यातली एक चुकून.

"तू बोलावतोस म्हणून त्या येत नाहीत," मावशी म्हणाली. "घरी जा आणि मला फोन कर."

केला. टक, टक, टक.

"एड, कुणाला सांगू नकोस हं," ती कुजबुजली. "सोमवारी सकाळी आठला मी धाकटीची जुनी बाबागाडी घेऊन चौकात मधोमध उभी राहणार. एकटीच. गॅरिटीबाईला तर मुळीच कळायला नको, गावभर करेल."

तारेवर कुणीतरी फणकाऱ्याने श्वास सोडला.

सोमवारी चौकात अठ्ठावन्न बाबागाड्या. सगळ्यांत पुढे गॅरिटीबाई, केसांतले कर्लरही काढलेले नाहीत.

"मी गावभर करते काय गं?"

"म्हणजे तू ऐकत होतीस?"

"मी? मी कशाला ऐकू?"

मागे ट्रकांची रांग लागली. पोलीस अधिकारी वही उघडून आला.

"पुढारी कोण? कुणी बोलावलं?"

"कुणीच नाही."

"मग आलात कशा?"

"कळलं."

"कुणाकडून?"

अठ्ठावन्न बायका आपापल्या चपला बघायला लागल्या. फोन चोरून ऐकला हे कोण कबूल करणार, आणि बाकीच्या तरी सांगणाऱ्या शेजारणीचं नाव कशा घेणार? आणि वहीत लिहायला नाव नाही, तर त्याने पकडायचं कुणाला?

तीन सकाळी असंच चाललं. चौथ्या सकाळी सिग्नलच्या खांबासाठी खड्डा खणायला माणसं आली. माझ्या पत्रकांनी जे सात जन्मांत झालं नसतं, ते त्या बाईने एका कुजबुजीत केलं.

पुढे घरोघर स्वतंत्र तारा आल्या. मावशीने कितीतरी वर्षं घेतली नाही.

"तिच्यावर माझं ऐकणार कोण?" म्हणायची.