डोळे मिटून घेतलेली शपथ

मंगळवार, ७ मे २०२४. ऊन फार. सकाळी कैरीचे लोणचे घातले, दोन बरण्या. दुपारी दीड ते साडेतीन वीज नव्हती. पाच वाजता मातामायसमोर मंडळाची बैठक, बायका एकवीस. ह्यांच्याविरुद्ध तक्रार. ह्यांनी शपथ घेतली. पहिल्याच वाक्याला मागे पडले. डोक्याला खोक, उपकेंद्रात तीन टाके. मंडळाचा निर्णय: दोषी. अध्यक्ष म्हणून माझी सही.

एवढं लिहून आशाबाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांचे वडील माजरीच्या खाणीत कारकून होते आणि मुलगी चंद्रपूरला कॉन्व्हेंटात, नववीपर्यंत. तिथल्या सिस्टरांनी डायरीची सवय लावली. दिवसभरात जे घडलं ते वहीत लिहायचं, जे वाटलं ते देवाला सांगायचं. आशाबाईंनी ते असं पाळलं की त्रेचाळीस वर्षांच्या वह्यांत ‘वाईट वाटले’ हे दोन शब्द कुठे सापडायचे नाहीत. आजही ते लिहिले नव्हते. पलीकडे खाटेवर देवाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोक्याला पांढरी पट्टी.

देवाजी म्हणजे कवेलू, घरावरची कौलं, फेरणारा माणूस. आरमोरीच्या बाजूच्या पाच गावांत मे महिना लागला की त्यांच्या नावाने हाका सुरू व्हायच्या. पावसाआधी छपरावरची सगळी कवेलवं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, खालचे लाकडी फाटे सरळ करायचे आणि पुन्हा एकावर एक बसवायची. अनवाणी पायांनी ते आढ्यावरून असे चालायचे की खाली झोपलेलं पोर उठायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आशाबाई खालून दोन-दोन कवेलवं वर फेकायच्या आणि ते हवेतल्या हवेत झेलायचे. “कॉन्व्हेंटची पोरगी नेम धरून फेकते,” असं गावभर सांगत सुटायचे. चाळीस वर्षांत एकदाही घसरले नाहीत. यंदा मात्र वर चढले नव्हते. गुडघा धरतो म्हणाले, आणि खाली उभं राहून हाताखालच्या दसरूला सांगत राहिले, हे कवेलू इथी ठेव, ते तिथी ठेव.

जिल्ह्यात दारूबंदी, पण मोहाचं झाड कुणाला विचारून फुलत नाही. जंगलाच्या कडेला हातभट्टी लागायची आणि संध्याकाळी बायकांच्या पाठीवर वळ उठायचे. म्हणून बायकांनी मंडळ काढलं. लिहिता येतं म्हणून आशाबाई अध्यक्ष झाल्या. ज्याच्यावर तक्रार येईल त्याने गावदेवी मातामायच्या ओट्यावर शपथ घ्यायची अशी रीत पडली. पण पुरुष एकमेकांकडे बघून डोळे मारायचे, हसत-खिदळत शपथ उरकायचे. तेव्हा आशाबाईंनी नियम केला. दोन्ही पाय जोडून ताठ उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि तीनदा म्हणायचं, मी दारू पेलो नाई. शाळेत सकाळच्या प्रार्थनेला सिस्टर असंच उभं करायच्या. मिटल्या डोळ्यांनी माणूस खोटं बोलायला कचरतो, हे आशाबाईंना तिथेच पटलं होतं. नियम गावाला आवडला. प्यायलेला माणूस त्या उभं राहण्यातच पकडला जायचा. जो डोलला तो दोषी, आणि दोषी माणसाला पावसाळा संपेपर्यंत गावात कुणी कामाला बोलवायचं नाही.

त्या मंगळवारी तक्रार आणली उपाध्यक्ष रंजीताने. आदल्या संध्याकाळी देवाजी बोडीच्या, गावतळ्याच्या, पाळीवरून झोकांड्या खात आले आणि नालीत पडले, हे तिने स्वतः पाहिलं होतं.

“काकाजी पडले त्याचं मले वाईट वाटते, बाई. पण नियम सगळ्याइले एकच ना?”

“एकच,” आशाबाई म्हणाल्या. गेल्या वर्षी रंजीताच्या नवऱ्याला, प्रवीणला, याच ओट्यावर दोषी ठरवताना त्यांनीच हा शब्द वापरला होता.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनातही वर्षभर तेच होतं. दिवसा धड असलेला माणूस दिवेलागणीला भिंत धरून चालतो. चेहरा गोठल्यासारखा, बोलणं पुटपुटल्यासारखं. तोंडाचा वास त्या चोरून घेऊन बघायच्या. वास यायचा नाही. मग वाटायचं, वास मारायला पिऊन वर पेरूची पानं चघळत असतील.

देवाजी ओट्यावर चढले. बायकोकडे एकदा बघितलं.

“दिव्यानीची माय, तुले बी वाटते?”

मुलीच्या नावाने ते तिला हाक मारायचे, तशी आताही मारली. आशाबाईंनी वहीत डोकं घातलं आणि म्हणाल्या, “अहो, पाय जुळवा.”

त्यांनी पाय जुळवले. डोळे मिटले. “मी दारू पे…” आणि उभा बांबू सोडून द्यावा तसे सरळच्या सरळ मागे गेले. सावरायला हातसुद्धा पसरला नाही. ओट्याच्या कडेवर डोकं आपटल्याचा आवाज झाला. मग मागून कुणीतरी म्हणालं, “मातामायनं दाखवलं, बाप्पा.”

टाके घालताना उपकेंद्रातली नर्स वास घ्यायला देवाजींच्या तोंडाशी वाकली होती. आशाबाईंना बाजूला घेऊन ती म्हणाली, “हे दारूचं नाही वाटत हो. माणूस पडताना हात तरी पुढं करते. चोवीस तारखेला तालुक्याले शिबिर आहे, मेंदूचे डॉक्टर येतात. घेऊन जा.” आशाबाईंनी मान हलवली. पण निर्णयाचा कागद घरी आल्यावर त्यांनी सही करूनच मंडळाकडे पाठवला. सगळ्यांना एक आणि घरच्याला दुसरं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

पुढचे सतरा दिवस गावातले लोक घरावरून जात, आत बघत नसत. दसरू शिडी मागायला आला तोही दारातूनच. देवाजी दिवसा पडवीत बसत आणि ऊन उतरलं की खाटेवर येत. उठा म्हटलं तर म्हणत, “कुठी जाऊ?” मुलगी दिव्यानी गडचांदूरहून दोन दिवसांसाठी आली. बापाशी गप्पा मारून बाहेर आली आणि चुलीपाशी बसून रडली. “आई, बाबा हसत काऊन नाहीत गं? मी एवढी मस्करी केली, तोंडावरची एक रेघ हलली नाही.”

शुक्रवारी, चोवीस तारखेला, तालुक्याच्या दवाखान्यातल्या शिबिरात नंबर लागला तेव्हा दोन वाजले होते. डॉक्टर तरुण होते, नागपूरचे. त्यांनी देवाजींना बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं. वळताना देवाजींनी सात-आठ बारकी पावलं टाकली.

“पडतात कधी?”

आशाबाईंनी पिशवीतून वही काढली. तारीखवार सांगणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं काम.

“नऊ ऑगस्ट. तोंडाला साबण लावलेला असताना न्हाणीत पडले. तीन सप्टेंबर. सदरा डोक्यातून काढताना पडले. चोवीस ऑक्टोबर. देवघरात डोळे मिटून नमस्कार करताना तोल गेला. अकरा डिसेंबर. वीज गेली, माजघरात…”

त्यांनी पान उलटलं, मग मागचं उलटलं. सगळं तिथेच होतं, त्यांच्याच सुवाच्य अक्षरात. साबण, सदरा, नमस्कार, गेलेली वीज, दिवेलागण. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर अंधार, आणि प्रत्येक वेळी शेवटी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: वास आला नाही.

डॉक्टर उठले. “काका, इकडे या. पाय जुळवा. हात समोर. आता डोळे मिटा.”

“नको!” आशाबाई ओरडल्याच.

“घाबरू नका. मी मागे आहे.”

देवाजींनी डोळे मिटले. दोन क्षण, आणि ते मागे गेले. डॉक्टरांचे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे आधीच तयार होते. त्यांनी सहज झेललं आणि खुर्चीत बसवलं. आशाबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. तेच उभं राहणं, तेच मिटलेले डोळे. इथे मागे एक माणूस उभा होता, एवढाच फरक. ओट्यावर एकवीस बायका होत्या आणि मागे कुणी नव्हतं.

“कंपवात आहे,” डॉक्टर म्हणाले. “पार्किन्सन्स.”

“पण हे कापत नाहीत.”

“सगळेच कापत नाहीत. हे बघा आई, आपण उभे राहतो ते तीन गोष्टींच्या भरवशावर. पायाखालची जमीन, कानातली तोल सांगणारी जागा आणि डोळे. यांचा मेंदू पहिल्या दोघांचं नीट ऐकत नाही. म्हणून हे सगळं डोळ्यांनी सावरतात. बघून बघून उभे राहतात. उजेड गेला की धरायला काही उरत नाही.”

“बरं होईल?”

“गोळ्यांनी अंग मोकळं होईल थोडं. तोलाला गोळ्यांचा तेवढा उपयोग होत नाही. आजार मात्र जाणार नाही, वाढत जाईल.” ते थांबले. “पडू देऊ नका. हे पाठीवर पडतात, आणि हात पसरत नाहीत. पुढच्या वेळी डोकं वाचेलच असं नाही.”

एस.टी.त देवाजी खिडकीशी बसले. बाहेर मागे पळणारी छपरं बघत म्हणाले, “म्हंजे मी छपरावर बी डोयानंच चालत होतो?”

“तेव्हा नाही. तेव्हा तुम्ही चांगले होता.”

“मंग ठीक,” ते म्हणाले. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ते बरं वाटल्याचं होतं की नाही, हे आता आशाबाईंना कधीच कळणार नव्हतं.

रविवारी त्यांनी मंडळाची बैठक बोलावली, दुपारी, लख्ख उजेडात. डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. वह्यांतल्या तारखा वाचल्या. मग उभं राहून म्हणाल्या, “नियम मी केला होता. नियम चुकला. तो माणूस प्यायला नव्हता. निर्णय मागे घ्या.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, “डोये मिटल्यावर पडाची बी बीमारी असते का वं?”

“असते.”

रंजीता उभी राहिली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “माहा प्रवीण डोलला तवा बीमारी काऊन नाई निघाली, बाई? त्याले तुमी दवाखान्यात काऊन नाई नेलं? तो बी म्हणत होता, ताप आहे, चक्कर येते. तुमी म्हणाल्या, पाय जुळव.”

प्रवीण प्यायला होता की नाही, हे आशाबाईंना आजवर पक्कं माहीत होतं. आता नव्हतं. आणखी किती जणांना त्यांनी त्या ओट्यावर उभं केलं, ताप असलेले, उपाशी, म्हातारे, ते डोळ्यांसमोरून जाऊ लागलं.

शेवटी बायकांनीच तोड काढली. काकाजींनी पुन्हा यावं आणि डोळे उघडे ठेवून शपथ घ्यावी. मागे दोघी उभ्या राहतील. मग निर्णय फाडू.

आशाबाई जवळजवळ धावत घरी आल्या. “अहो, चला. उजेड आहे तोवर चला. डोळे उघडे ठेवायचे आहेत. मी स्वतः मागे उभी राहते.”

देवाजी खाटेवर बसले होते. “डोये उघडे ठेवून घेतली त गाव म्हणन, बायकोनं नवऱ्यासाठी नियम बदलवला.”

“म्हणू द्या.”

“आन् मी पडलोच पुन्हा, त?”

“मी आहे ना मागे.”

“त्या दिवशी बी तू होतीस.” शब्द पुटपुटल्यासारखेच आले, पण एकेक स्पष्ट. “मी पाहलं तुयाकडं. तू वहीत पाहून राह्यली होतीस.”

आशाबाई खाली बसल्या. त्यांनी देवाजींचे पाय धरले, आढ्यावरून चाललेले, भेगाळलेले पाय. “चला हो. एवढं एकदा.”

“नाई,” देवाजी म्हणाले. “मले आता उभंच राहाचं नाई.” आणि ते हळूहळू, भिंतीवर डोळे रोवून, कलले आणि आडवे झाले. तिकडे मातामायच्या ओट्यावर बायका बराच वेळ थांबल्या. ऊन कलल्यावर एकेक करून घरी गेल्या. निर्णयाचा कागद फाडला गेला नाही.

दिवे लागल्यावर आशाबाईंनी वही उघडली. रविवार, २६ मे २०२४. बराच वेळ पेन कागदावर टेकून होतं, तिथे शाईचा ठिपका पसरला. मग त्यांनी एकच ओळ लिहिली.

संध्याकाळी न्हाणीतली बादली आत आणून ह्यांच्या खाटेजवळ ठेवली; उद्यापासून अंघोळ इथेच, बसून.